दुष्काळ मोजला, पण सांगितला कोणाला?

जून २०२४ च्या सुरुवातीला उजनी धरणाचा साठा ‘उणे ६० टक्क्यां’च्या जवळ गेला. सोलापूर जिल्ह्यात हा आकडा वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. धरणात उणे पाणी असतं तरी कसं, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडणारच. उत्तर अवघड नाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आलं की शून्य टक्के, आणि त्याखाली उतरलं की उणे. म्हणजे उणे ६० टक्क्यांच्या दिवशीही उजनीत, गाळ धरून, तीसेक टीएमसी पाणी होतं. पुण्याला पाणी पुरवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली, तर साठा २९ टीएमसीच्या आसपास होतो.

यावरून उजनीवरचं संकट खोटं होतं असं कोणी समजू नये. मृतसाठ्यातलं पाणी कालव्यांना नीट मिळत नाही, उपसा करायला पंप खाली सरकवावे लागतात, पाण्याची प्रतही खालावते. पण ‘उणे ६०’ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही. तो ऐकून एखाद्याला धरण कोरडंठाक पडलं असं वाटेल, आणि काठावर जाऊन पसरलेलं पाणी पाहणाऱ्याला सरकार काहीतरी लपवतंय असं वाटेल. अभियंत्यासाठी अचूक असलेला आकडा गावाच्या काहीच कामाचा नाही, असं इथे घडतं.

महाराष्ट्रात दुष्काळ मोजण्याची साधनं कमी नाहीत. पर्जन्यमापक आहेत, उपग्रह आहेत, निरीक्षण विहिरी आहेत, धरणांच्या रोजच्या नोंदी आहेत, महसूल खात्याची पैसेवारी आहे. तरीही ऑक्टोबरात रब्बीला ज्वारी करावी की गहू, उसाची लागण करावी की थांबावं, नव्या बोअरवर पैसे घालावेत की नाही, हे ठरवताना बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हाती यातलं फारसं काही नसतं. आकडे गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे मंत्रालयात जातात. मदत द्यायची की नाही हे त्यांवरून ठरतं. मात्र तेच आकडे परत गावात, वेळेवर आणि समजेल अशा रूपात क्वचितच येतात. दुष्काळाच्या मोजणीची सगळी कथा तपासली, तर खरी उणीव इथे सापडते.

चार दुष्काळ, चार वेळापत्रकं

दुष्काळ हा एकच प्रकार नाही, हे अभ्यासकांनी कधीच मान्य केलं आहे. डोनाल्ड विल्हाइट आणि मायकेल ग्लान्झ यांनी १९८५ मध्ये त्याची केलेली मांडणी आजही वापरली जाते: पावसाचा दुष्काळ, शेतीचा दुष्काळ, जलस्रोतांचा दुष्काळ आणि माणसांच्या व्यवहाराला बसणारा दुष्काळ. हे चारही एकाच दिवशी येत नाहीत. पावसाने ओढ दिली की आठवड्या-दोन आठवड्यांत पिकं माना टाकतात, विहिरी काही महिन्यांनी तळ गाठतात आणि मोठ्या धरणाला रिकामं व्हायला एखादं-दुसरं वर्ष लागतं.

मराठवाड्यात २०१४ च्या पावसाळ्यात सुमारे ४२ टक्के आणि २०१५ मध्ये सुमारे ४० टक्के तूट होती. लातूरच्या नळांवर त्याचा पुरता परिणाम दिसला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. उलट २०२३ चा ऑगस्ट देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी शेतीचं नुकसान आधी झालं, पिण्याच्या पाण्याची ओरड नंतर. त्यामुळे ‘यंदा दुष्काळ आहे का?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कोणासाठी आणि कधी, हे त्याच्यासोबत सांगावं लागतं.

आणेवारीचा वारसा

सरकारने दुष्काळ ओळखण्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले ते एका महाभयंकर अनुभवानंतर. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यासह देशात ५० लाखांहून अधिक माणसं दगावली, असे अंदाज आहेत. त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. धान्याचे चढते भाव, गुराढोरांसह होणारी स्थलांतरं, वाढत्या चोऱ्या ही संकटाची चिन्हं मानली गेली. शिवाय चाचणीची कामं काढायची पद्धत होती. खडी फोडण्यासारखं कष्टाचं काम तुटपुंज्या मजुरीवर सुरू करायचं. माणसं तरीही आली, तर टंचाई खरी आहे असं धरायचं. भुकेल्या माणसाच्या असहायतेलाच मोजपट्टी बनवणारी ही रीत होती.

त्या काळातही एक बाजू मोजणीची आणि दुसरी सांगण्याची होती. पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७७ मध्ये गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची आणि टंचाईची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. वीस वर्षांनी, १८९६-९७ च्या दुष्काळात, टिळकांच्या नेतृत्वाखाली सभेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. दुष्काळ संहितेत रयतेला कोणते हक्क दिले आहेत, सारामाफी कधी मागता येते, हे मराठीत छापून खेडोपाडी वाटलं गेलं. संहिता सरकारचीच होती. फक्त ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्या हातात प्रथमच पोहोचत होती. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. दुष्काळाची माहिती लोकांपर्यंत नेणं हे किती मोठं काम आहे, याचा यापेक्षा ठळक दाखला मिळणार नाही.

महसुलाच्या व्यवहारात मात्र आणेवारी रुजली. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ आणे. पुढे दशमान पद्धत आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. गावातल्या प्रमुख पिकांच्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून मळून वजन करायचं आणि त्याची तुलना प्रमाण उत्पन्नाशी करायची. समितीत महसूल खात्याची माणसं, कृषी सहायक, सरपंच आणि गावातले शेतकरी असतात. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरमध्ये जाहीर होते. ५० पैशांच्या आत आलेलं गाव टंचाईग्रस्त.

या पद्धतीची ताकद अशी की ती शेतात उतरते. शेतकऱ्याला ५० पैसे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. तिची कमजोरीही तिथेच आहे. कापणीचा तुकडा कोणत्या शेतात आखला, जमीन हलकी होती की भारी, प्रमाण उत्पन्न कोणत्या वर्षांचं धरलं, यावर एका गावाचे ४८ पैसे होतात आणि शिवेला शिव असलेल्या दुसऱ्या गावाचे ५२. आणि अंतिम आकडा येईपर्यंत पीक घरी आलेलं असतं किंवा गेलेलं असतं. पैसेवारी झालेलं नुकसान मोजते, येऊ घातलेल्या टंचाईची सूचना देत नाही.

निर्देशांकांची चाळणी

मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर दिलेल्या निकालात दुष्काळ जाहीर करण्यातल्या राज्यांच्या टाळाटाळीवर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि केंद्राला दुष्काळ व्यवस्थापन संहिता त्याच वर्षात सुधारायला सांगितलं. डिसेंबर २०१६ मध्ये नवी संहिता आली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. दुष्काळ जाहीर करण्यासाठी पैसेवारीचा आधार संपला.

नवी पद्धत चाळणीवर चाळणी लावते. आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड पाहायचा. सलग तीन-चार आठवडे पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी झाला, तर तो खंड. ही पहिली कळ दाबली गेली तर दुसरी चाळणी: पेरणीचं क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई, मातीतला ओलावा, आणि धरणं-भूजल यांची स्थिती. शेवटी तालुक्यातली दहा टक्के गावं निवडून प्रत्यक्ष शेतांत पडताळणी. त्यानंतर दुष्काळ ‘गंभीर’ की ‘मध्यम’ हे ठरतं. राष्ट्रीय आपत्ती निधीतली केंद्राची मदत गंभीर दुष्काळासाठीच असल्याने त्या एका शब्दावर बरंच काही अवलंबून राहतं. महाराष्ट्रात हे काम नागपूरच्या सुदूर संवेदन केंद्राच्या ‘महामदत’ प्रणालीतून होतं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यातले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. २०२३ मध्ये याच तारखेला ४० तालुके यादीत आले, २४ गंभीर आणि १६ मध्यम.

४० च तालुके का, असा प्रश्न तेव्हा राज्यभर विचारला गेला. दहा दिवसांत सरकारने आणखी १,०२१ महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती जाहीर केली. त्यासाठीची कसोटी एकदम सोपी होती: जून ते सप्टेंबर पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. शास्त्रीय चाळण्यांतून जे सुटलं होतं, ते पावसाच्या साध्या मोजणीने परत आत आलं. इथे शास्त्र हरलं असं नाही. तालुका हा दुष्काळ मोजायला फार मोठा तुकडा आहे, एवढं मात्र त्यातून सिद्ध झालं.

अकोले तालुका घ्या. पश्चिमेला घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. अशा तालुक्याची सरासरी कोणत्याच गावाची नसते. म्हणूनच ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसुली मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, ही मोठीच सुधारणा. अडचण एवढीच की अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९९३ मध्ये तयार झालेला आणि जागतिक हवामान संघटनेने पुरस्कारलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक काढायचा, तर निदान ३० वर्षांच्या नोंदी लागतात. दहा वर्षांखाली जे केंद्रच नव्हतं, त्याच्या ठिकाणचा ‘नेहमीचा पाऊस’ किती, हे अंदाजानेच ठरवावं लागतं.

उपग्रहालाही मर्यादा आहेत. हिरवाई मोजणारा निर्देशांक पानं पाहतो, दाणे पाहत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस थांबला की सोयाबीन हिरवं उभं असतं आणि शेंगा पोचट राहतात. विहिरीच्या पाण्यावर तगलेला ऊस आकाशातून सुबत्तेसारखा दिसतो, आणि त्याच उसामुळे शेजारच्या वस्तीचा हातपंप आटत असतो. त्यामुळे शेतातली पडताळणी हा या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. घाईत उरकली जाण्याचा धोकाही तिलाच सर्वाधिक आहे.

अमेरिकेत १९९९ पासून दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा दुष्काळ नकाशा या बाबतीत शिकवण्यासारखा आहे. नेब्रास्का विद्यापीठातलं राष्ट्रीय दुष्काळ केंद्र आणि सरकारी संस्था मिळून तो करतात. नकाशाच्या लेखकासमोर निर्देशांक तर असतातच, पण देशभरातले शेकडो निरीक्षक, स्थानिक हवामानतज्ज्ञ आणि शेती सल्लागार आपापल्या भागात काय दिसतंय ते त्याला दर आठवड्याला कळवतात. पिवळ्यापासून गडद लालपर्यंतच्या पाच पायऱ्या तिथला पशुपालक ओळखतो, कारण चाऱ्यासाठीची सरकारी भरपाई थेट त्याच रंगाशी बांधलेली आहे.

टेप विहिरीत सोडल्यावर

राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळे एका बांधाच्या अलीकडे विहीर भरलेली आणि पलीकडे बोअर कोरडा, हे नेहमीचं दृश्य. अशा भूगर्भाचा हिशेब ठेवण्याचं काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून करते आहे. तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत. वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, कर्मचारी विहिरीवर जातात, कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून टेप पाण्यापर्यंत सोडतात, कठड्याची उंची वजा करतात आणि जमिनीपासून पाणी किती खोल गेलं ते नोंदवतात.

ऑक्टोबरची मोजणी सगळ्यांत मोलाची. ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात, सोबत पावसाची तूट धरतात, आणि टंचाईचं वेळापत्रकच मांडतात. पातळी तीन मीटरहून अधिक घटली असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच टंचाई जाणवेल. दोन ते तीन मीटर घट असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये. एक ते दोन मीटर असेल तर एप्रिल ते जूनमध्ये. राज्याकडे असलेल्या सगळ्या मोजण्यांत भविष्याकडे पाहणारी आणि साध्या भाषेत सांगता येणारी मोजणी हीच. तुमच्या भागात पाणी अमुक महिन्यात संपेल, असं ती सहा-सात महिने आधी सांगू शकते.

पण हा अहवाल जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, टंचाई आराखड्यासाठी. किती टँकर लागतील, किती खासगी विहिरी अधिग्रहित कराव्या लागतील, किती विंधन विहिरी घ्याव्या लागतील, याचा खर्च त्यावरून मांडतात. ते आवश्यकच आहे. मात्र ज्या गावाची टंचाई एप्रिलमध्ये येणार असं ऑक्टोबरात कळलेलं असतं, त्याच गावात नोव्हेंबरात गहू आणि उसाला पाणी सुरू असतं, कारण ती सूचना शेतावर पोहोचलेलीच नसते. शिवाय ४० हजारांहून अधिक गावांच्या राज्यात ३,९०० विहिरी म्हणजे दहा गावांमागे एखादी. आपल्या गावात निरीक्षण विहीर नसेल, तर आपलं पाणी किती खोल गेलं हे गावानेच मोजायला हवं.

शेवटी उन्हाळ्यात एकच आकडा गाजतो, टँकरचा. मे २०१९ मध्ये राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते. हा आकडा तहान दाखवतो, पण पूर्ण नाही. टँकर मागणीचा ठराव, पाहणी, मंजुरी अशा पायऱ्यांनी येतो. जिथे पाठपुरावा करणारं कोणी नाही, त्या वाडीवरची बाई दोन मैलांवरून हंडा आणते आणि कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

टक्केवारी, टीएमसी आणि दिवस

धरणसाठ्याचे आकडे त्या मानाने सगळ्यांत जास्त छापले जातात. तरी टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे मनाशी ताडून पाहणं कोणालाही सोपं नाही. टक्क्यांचा घोळ उजनीने दाखवलाच. नागरिकाला हवी असते ती एकच गोष्ट: आज जेवढं पाणी वापरतो तेवढंच वापरत राहिलो, तर हे किती दिवस पुरेल?

मुंबईपुरतं हे गणित सहज मांडता येतं. सात तलावांचा पूर्ण साठा १४.४७ लाख दशलक्ष लिटर, रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. म्हणजे तलाव भरले की साधारण वर्षाची बेगमी. महापालिका साठ्याचे आकडे रोज प्रसिद्ध करते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के कपात होणार हे दोन्ही टप्पे तिने आधीच जाहीर केले होते. लोकांना कुरकुर करायलाही वेळ मिळाला आणि पिंप भरून ठेवायलाही.

आकडा कृतीशी कायद्यानेच बांधला, तर त्याला किती वजन येतं, हे जायकवाडीने दाखवलं आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक आणि नगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०१८ मध्ये सुमारे ९ टीएमसी आणि २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचे आदेश निघाले. या आदेशावर दोन्ही बाजूंनी आंदोलनं झाली, खटले झाले. पण १५ ऑक्टोबरची तारीख आणि ६५ चा आकडा गोदावरी खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. आकड्यापुढे ‘मग काय होणार’ हे लिहिलेलं असलं की लोक तो वाचतात, तपासतात आणि त्यावर भांडतातही.

लातूर आणि केपटाउन

लातूर शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण २०१६ च्या उन्हाळ्यात आटलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. लातूरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांहून अधिक होती. माणशी लिटर-सव्वा लिटर पडेल एवढं ते पाणी. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं. रेल्वेच्या आणि प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवसांत केलेलं काम मोठंच होतं. पण सलग दोन पावसाळे बुडाले होते, धरणाचा साठा वाढत नव्हता, हे २०१५ च्या ऑक्टोबरातच आकड्यांत स्पष्ट होतं. तेव्हापासून दर आठवड्याला ‘आता इतके दिवस उरले’ असं शहराला सांगितलं गेलं असतं, तर रेल्वे टळली असती असा दावा कोणी करू नये. पण तयारीला सहा महिने मिळाले असते.

असा प्रयोग दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत झाला. केपटाउनच्या सुमारे ४० लाख लोकांना पाणी देणारी धरणं सलग तीन कोरड्या वर्षांनी तळाला गेली. महापालिकेने एक रेषा आखली: साठा १३.५ टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद, आणि २०० केंद्रांवर रांगा लावून माणशी २५ लिटर. तो दिवस ‘डे झीरो’. जानेवारी २०१८ मध्ये तो एप्रिलच्या मध्याला येणार असं दिसत होतं. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. तारीख दर आठवड्याला नव्याने मोजली जायची आणि जाहीर व्हायची. महापालिकेने शहराचा नकाशाही खुला केला. ज्या घराचा महिन्याचा वापर मर्यादेत, त्याच्यावर हिरवा ठिपका. ६,००० लिटरच्या आत आणि १०,५०० च्या आत यांसाठी हिरव्याच्या वेगवेगळ्या छटा. शेजाऱ्याचा पाणीवापर असा चव्हाट्यावर आणावा का, यावर वादही झाला.

परिणाम आकड्यांत आहे. २०१५ मध्ये रोज १,२०० दशलक्ष लिटरच्या आसपास असलेला वापर ५०० च्या जवळ आला. ग्रॅबो भागातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेने आपल्या धरणांतून १,००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं. ‘डे झीरो’ मेमध्ये, मग जूनमध्ये, मग जुलैमध्ये ढकलला गेला आणि शेवटी बारगळला. याची काळी बाजूही नोंदवायला हवी. घाबरवून वापर कमी होतो, पण तारीख पुढे सरकत राहिली की काहींना ती थापच वाटू लागते. आणि झोपडवस्त्यांतली जी माणसं सार्वजनिक नळावर रोजच रांगेत उभी असायची, शहराच्या पाण्यातला अगदी थोडा वाटा वापरायची, त्यांच्यासाठी ५० लिटरची हाक ही बातमीच नव्हती. एकच निरोप सगळ्या वस्त्यांना सारखा लागू पडत नाही.

भिंतीवर रंगवलेले आकडे

शहराला सांगणारी एक महापालिका असते. गावात विहिरी खासगी, बोअर खासगी, आणि पाणी मात्र सगळ्यांच्या खालचं. इथे वरून आलेल्या निरोपापेक्षा स्वतः केलेली मोजणी अधिक चालते, याचा सर्वांत मोठा पुरावा तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात मिळाला. २००३ नंतर सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत शेतकरी-व्यवस्थापित भूजल प्रकल्प चालला. अनंतपूर, कडप्पा, महबूबनगर यांसारख्या जिल्ह्यांतल्या स्त्री-पुरुष शेतकऱ्यांना पर्जन्यमापक वाचायला आणि बोअरमधली पातळी मोजायला शिकवलं गेलं. दर पंधरवड्याला मोजलेले आकडे गावातल्या भिंतीवर रंगवलेल्या तक्त्यात भरले जात. रब्बीच्या तोंडावर सगळे एकत्र बसून पावसाने किती पाणी मुरलं आणि ठरवलेल्या पिकांना किती लागेल याचा ताळेबंद मांडत. कोणावर सक्ती नव्हती, अनुदान नव्हतं. तरी अनेक गावांत भाताचं क्षेत्र कमी झालं आणि कमी पाण्याची पिकं वाढली, कारण खड्डा किती मोठा आहे हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मोजलेलं होतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार याच वाटेने गेलं, त्याच्याही आधीपासून. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तिथे पाणलोटाची कामं झाली, हे सर्वांना माहीत आहे. पण बंधाऱ्यांइतकीच त्यांच्या हिशेबाची सवय महत्त्वाची आहे. पावसाळा संपला की गावातला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते, भूजल यंत्रणेच्या मदतीने ताळेबंद होतो, माणसं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात हे ठरतं. पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी. उसाला आणि केळीला बंदी, सिंचनासाठी बोअरला बंदी. डिसेंबर २०१९ मध्ये सात राज्यांसाठी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने हाच ताळेबंद महाराष्ट्रातल्या निवडक ग्रामपंचायतींत नेला. अनेक ठिकाणी फलक लागले, आराखडे झाले. योजनेचा निधी आणि माणसं गेल्यावर तो फलक कोण भरतो, यावर तिचं खरं यश ठरेल.

या सगळ्या अनुभवांत एक समान धागा दिसतो. मोजणी उपयोगी पडली ती तीन गोष्टी जुळल्या तिथे: आकडा निर्णयाच्या आधी आला, ऐकणाऱ्याच्या मापात आला, आणि त्याच्यापुढे काय करायचं हे ठरलेलं होतं. महाराष्ट्रात पहिल्यासाठी नवं यंत्र लागणार नाही. भूजल यंत्रणेची ऑक्टोबरची मोजणी, मंडळाचा चार महिन्यांचा पाऊस आणि जवळच्या धरणाचा १५ ऑक्टोबरचा साठा हे तिन्ही आकडे रब्बीची पेरणी जोरात सुरू होण्याआधी सरकारकडे असतात. ते प्रत्येक ग्रामपंचायतीला एका पानावर द्यावेत. त्यात टीएमसी आणि मीटर नकोत. पिण्याचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल आणि त्यापलीकडे किती एकराला किती पाळ्या देता येतील, एवढंच असावं. त्या पानावर ऑक्टोबरअखेरच्या ग्रामसभेत चर्चा बंधनकारक करावी, आणि कालवा सल्लागार समितीने पाण्याची आवर्तनं ठरवताना त्या सभांचे ठराव समोर ठेवावेत. ज्या गावात निरीक्षण विहीर नाही, तिथे शाळेतल्या मुलांनी किंवा बचत गटातल्या बायकांनी दर पंधरवड्याला एका विहिरीत टेप सोडायची आणि आकडा चावडीवर लिहायचा. टेप शंभर-दोनशे रुपयांत मिळते, आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्या विहिरीच्या वीस-बावीस नोंदी गावाच्या स्वतःच्या झालेल्या असतील.